ओमान मंडळाचा शब्द

तानाजीनं खजुराचा रिकामा डबा स्टुलावर ठेवला, त्याला टेकवून मोबाईल उभा केला आणि मागे सरून पडद्यात सगळी डोकी मावतात का ते बघितलं. आठ मावत होती. दाराशी बसलेला प्रेमानंद अर्धाच दिसत होता, आणि त्याच्या पलीकडच्या ताबिशचा तर नुसता गुडघा.

"तानाजीदादा, फोटो नंतर काढा," स्वयंपाकघरातून भिकाजी ओरडला. "मी बांगडे बघू की तुमचं राजकारण बघू, ते एकदा सांगा."

"दोन्ही बघ. अकराला फोन येईल."

मस्कतमधल्या दार्सैतच्या या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत भिकाजी आणखी तिघांबरोबर राहायचा, आणि सडेखोल गावाच्या ओमान मंडळाची बैठक गेली अठरा वर्षं इथेच भरत होती. खाली उतरलं की कृष्णमंदिर दोन मिनिटांवर होतं, आणि भिकाजीच्या हाताला चव होती. दोन्हीपैकी खरं कारण कुठलं, ते मंडळाच्या पोटांना ठाऊक होतं.

कोकणातल्या कुठल्याही गावासारखं सडेखोलचंही मुंबई मंडळ होतंच. पण दहा-बारा घरांतले कर्ते पुरुष मस्कतला आले, त्यांनी आणखी चारांना आणलं, आणि गावात ओमान मंडळाचं वजन वाढत गेलं. निवडणूक आली की हे मंडळ एक शब्द द्यायचं. शब्द ठरवायचा तानाजी, वादी कबीरच्या एसी दुरुस्तीच्या गॅरेजमधला फोरमन, मस्कतला पंचवीस वर्षं काढलेला जुना माणूस. तो म्हणायचा, "यंदा अमुक." बाकीचे म्हणायचे, "बरोबर." मग जो तो घरी आणि भावकीत फोन लावायचा आणि मतदानाच्या दिवशी बायका, आया, भावजया जाऊन तसं मत देऊन यायच्या. चाळीस घरं एका दमात. या पंचवीस वर्षांत तानाजीच्या स्वतःच्या बोटाला शाई लागलेली नव्हती, कारण मतदानाला तो कधी गावात नसायचाच. पण चाळीस घरांचा शब्द ज्याच्या तोंडी, त्याला आपल्या एका मताचं काय कौतुक असणार?

यंदा पंचायत समितीची जागा बाईमाणसासाठी राखीव निघाली. पक्षाकडे सडेखोलातून दोन अर्ज गेले. एक वसुंधरावहिनींचा. त्यांचे यजमान अतुलशेठ, म्हणजे माजी सरपंच, कंत्राटदार, आणि गावातल्या एकमेव जेसीबीचे मालक. दुसरा अर्ज सुलोचनाचा. सुलोचना म्हणजे तानाजीची बायको.

गावात दोन तट पडले. मुंबई मंडळानं कौल वसुंधरावहिनींना दिला. तालुकाध्यक्ष निशांतरावांनी मग जाहीर केलं की ओमान मंडळ जिकडे, उमेदवारी तिकडे. मात्र या खेपेला मंडळानं सगळ्या वाड्यांना धरून बोलावं, अशी पक्षाची इच्छा होती. म्हणून आज पहिल्यांदा बौद्धवाडीतला प्रेमानंद सोहारहून आला होता. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो सेफ्टी इंजिनिअर होता, आणि दोन तास गाडी चालवून बरोबर दहाला दारात उभा राहिला होता. मोहल्ल्यातला ताबिशही प्रथमच आला होता. जुम्याच्या नमाजासाठी त्याला पावणेबाराला निघायचं होतं, म्हणून तो चपलांच्या अगदी जवळ बसला होता.

इथवर सगळं सरळ दिसतं. पण तानाजीला गेला महिनाभर एक गोष्ट टोचत होती. जागा राखीव निघाली त्याच दिवशी अतुलशेठचा फोन आला होता. "ओमानची घरं तुझ्या हातात. शब्द दे." आणि तानाजीनं कोणालाही न विचारता शब्द दिला होता. विचारायचं असतं, हेच त्याला माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनी सुलोचनानं फोनवर सांगितलं, की मीही अर्ज केलाय.

"अगं, मी शब्द देऊन बसलोय!"

"तुम्ही दिलात. मला कुठे विचारलं होतंत?"

"मग आता काय करू मी? तोंड कुठे लपवू?"

"मी तुमच्याकडे काहीच मागत नाही," ती म्हणाली होती. "एवढंच करा, सगळ्यांना विचारा. एकेकाला. मंडळ मला नको म्हणालं तर मी अर्ज मागे घेईन, पुन्हा नाव काढणार नाही."

त्यानंतर महिनाभर नवरा-बायको आंब्याच्या मोहोराविषयी, वासराविषयी आणि गळक्या कौलांविषयी बोलत होते. उमेदवारीचं नाव दोघांनीही काढलं नव्हतं. तानाजी रागावला होता हे खरं. पण रात्रंदिवस सलत होतं ते हे, की त्या बाईनं मागून मागितलं काय, तर 'विचारा' एवढंच. त्याला नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती तिनं.

त्यानं घसा साफ केला.

"हे बघा. निशांतराव फोन करतील. त्याआधी मला एकेकाला विचारायचंय. दोन्ही नावं तुम्हाला ठाऊक आहेत. एक माझ्या घरातलं आहे, ते विसरा. माझ्या तोंडाकडे बघू नका. बोला."

अठरा वर्षांत असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे सगळे त्याच्या तोंडाकडेच बघत होते. भिकाजी हातात उलथनं घेऊन दारात येऊन उभा राहिला.

"दादा, तुम्ही काय ते ठरवा. आमचं काय, तुम्ही म्हणाल ते."

"मी आज म्हणणार नाही."

"मग आमची पंचाईत झाली की!"

एकजण हसला, तसे बाकीचे हसले, आणि हवा जरा सैल झाली. एक म्हणाला, वसुंधरावहिनींना दिलं तर अतुलशेठचा जेसीबी आयता आहे, रस्ता होईल. दुसरा म्हणाला, जेसीबी उभा राहणार आहे की वहिनी? वहिनींचा आवाज हळदीकुंकवापलीकडे कधी कोणी ऐकलाय का? तिसऱ्यानं पक्षाचीच कुंडली मांडली. शहरात ठीक आहे, पण गावात या पक्षाला विचारतंय कोण?

"गेल्या खेपेला त्यांनी भिंतीवरची घड्याळं वाटली," भिकाजी म्हणाला. "आमच्या घरात अजून आहे. दोन महिने चाललं. आता आय त्याच्या मागं लाइटची बिलं खोचून ठेवते."

"गणपतीत वाजवायला बेंजो दिला होता की."

"बेंजो दिला, पण साकव नाही दिला," भिकाजी म्हणाला. मग त्यानं उलथनं दाराच्या चौकटीला टेकवलं. "दादा, बोलू काय?"

"बोल की."

"जुलैत वहाळावरचा साकव वाहून गेला ना, तेव्हा आयला डायलिसिसला न्यायचं होतं. वहाळाला हे छातीएवढं पाणी. भाऊ मुंबईला, मी इथं. सुलोचनावहिनींनी बचत गटाच्या सहा बायका जमवल्या, खुर्चीला बांबू बांधले, आणि वरच्या कोंडाच्या वस्तीवरनं फिरवून, दोन तास चालवत आयला रस्त्याला लावली. एकदा नाही. पाणी उतरेपर्यंत पाच खेपा. आय फोनवर सांगताना रडली माझी."

तानाजीनं मान वर केली. "कधीची गोष्ट ही?"

"सांगितलं की, जुलैतली."

जुलैत तानाजी दर शुक्रवारी सुलोचनाशी बोलत होता. पाऊस कसा आहे, त्यानं विचारलं होतं. "आहे बऱ्यापैकी," ती म्हणाली होती.

"आमच्या मोहल्ल्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता," ताबिशनं दाराजवळून सांगितलं. "नऊ दिवस अंधार. आमचे लोक दोनदा जाऊन परत आले. मग सुलोचनाताई गेल्या. तालुक्याला विजेच्या ऑफिसच्या पायरीवर डबा उघडून बसल्या म्हणे. साहेबानं विचारलं, काय पाहिजे? तर म्हणाल्या, तुम्ही आधी जेवून घ्या, मला घाई नाही, मी उद्यापण डबा आणलाय." तो हसला. "अम्मी आजही सांगते हा किस्सा. यल्ला, दहाव्या दिवशी लाइट."

खोलीतले सगळे हसले. तानाजीही हसला, पण त्याचं हसू जरा उशिरा आलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसं त्याचं झालं होतं. या खोलीतल्या प्रत्येकाला त्याच्या बायकोविषयी त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिनं काही लपवलं नव्हतं. त्यानं विचारलं होतं ते मोहोराविषयी, वासराविषयी, कौलांविषयी, आणि जेवढं विचारलं तेवढ्याचंच तिनं उत्तर दिलं होतं.

आता प्रेमानंद उरला होता. तो गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसला होता, पहिल्यांदाच पाहुणा म्हणून गेलेल्या घरात माणूस बसतो तसा.

"तू बोल," तानाजी म्हणाला. "एवढ्या लांबून आलास."

"दादा, राग मानू नका."

"नाही मानत."

"उन्हाळ्यात टँकर येतो ना गावात, तो वरच्या वाडीपासून सुरू व्हायचा. आमची वाडी शेवटची. आमच्यापर्यंत येईस्तोवर तळाचा गढूळ दोन बोटं. मी शाळेत होतो तेव्हापासून असंच. मागच्या मे महिन्यात सुलोचनावहिनींनी टँकरवाल्याला सांगितलं, उद्यापासून खालून सुरू कर. एक दिवस खालून, एक दिवस वरून. वरच्या वाडीत त्यांना खूप बोलणी बसली. घरूनही बसली असं ऐकलं."

स्वयंपाकघरात रस्सा रटरटत होता.

घरूनही बसली होती, ते तानाजीला नीट आठवत होतं. वरच्या वाडीतल्या कोणीतरी त्याला फोन करून सांगितलं होतं, 'तुझी बायको आपलं पाणी खाली सोडतेय.' त्यानं गॅरेजच्या मागे उभं राहून, चार माणसं ऐकतील एवढ्या मोठ्यानं सुलोचनाला झापलं होतं. तुला कोणी सांगितलेत नसते उद्योग? लोक मला विचारतात! ती "बरं" म्हणाली होती. त्याला वाटलं होतं, ऐकलं तिनं.

"मग टँकर पुन्हा वरून सुरू झाला?" त्यानं विचारलं.

"नाही. जूनपर्यंत एक दिवस वरून, एक दिवस खालून. पक्षाला गावात पाय रोवायचेत म्हणतात ना? आमच्या वाडीत त्यांचा फलक कोणी लावू देणार नाही, दादा. पण वहिनी उभ्या राहिल्या तर माझी आई स्वतः भिंत सारवून देईल."

तानाजीला लाज वाटली. इतकी, की त्यानं उठून मोबाईलचा डबा उगाचच दोनदा पुसला. मग त्यानं स्टूल उचलून भिंतीपर्यंत मागे नेलं, पुन्हा पडद्यात बघितलं आणि म्हणाला, "प्रेमानंद, ताबिश, थोडे आत सरका." आता अकराही जण दिसत होते.

"बोटं वर करा. सुलोचनासाठी किती?"

आधी भिकाजीचं उलथनं वर गेलं. मग प्रेमानंद, ताबिश, मग एकामागून एक. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, खांदे उडवले आणि हात वर केले. दहा झाले. तानाजीचे दोन्ही हात मांडीवर होते.

"झालं की!" भिकाजी म्हणाला. "तुमचं धरून अकराच्या अकरा. आता तुम्ही सांगून टाका फोनवर."

तेवढ्यात फोन वाजला.

पडद्यावर निशांतराव आले, पांढरा शर्ट, गळ्यात पक्षाचं उपरणं. पाठीमागे ओळखीची पडवी होती. आणि त्यांच्या शेजारी, झोपाळ्यावर, पान लावत अतुलशेठ बसले होते. तालुकाध्यक्ष जेवायला कोणाकडे उतरले होते, ते सांगायची गरज नव्हती.

"नमस्कार मंडळी! सगळे एकत्र बघून आनंद वाटला," निशांतरावांनी सुरुवात केली. "पक्षाला आता गावागावात पोचायचंय. ग्रामीण भाग आमचा आत्मा आहे. तुम्ही परदेशात राहूनही मातीशी..."

"निशांतराव, एकाला पावणेबाराला नमाजाला जायचंय," तानाजी म्हणाला. "मुद्द्याचं बोलू."

अतुलशेठ हसले. "तानाजी पहिल्यापासून असाच. बोल बाबा. तुझा शब्द तर मला कधीच मिळालाय, ही नुसती रीत."

दहा जणांनी तानाजीकडे बघितलं. या शब्दाची गोष्ट त्यांना माहीत नव्हती. प्रेमानंदचे हात पुन्हा गुडघ्यांवर गेले आणि भिकाजीनं उलथनं हळूच खाली घेतलं.

तानाजी उभा राहिला. उभं राहिल्यावर त्याचं डोकं पडद्याबाहेर गेलं, तेव्हा तो पुन्हा बसला.

"अतुलशेठ, मी शब्द दिला होता, खरं आहे. या दहा जणांना न विचारता दिला होता. त्यातला माझा होता तेवढा एकच. तो मी देतो. माझं बोट वसुंधरावहिनींना." त्यानं बोट वर केलं, आणि सगळ्यांना दिसेपर्यंत तसंच ठेवलं. "बाकीचे दहा माझे नव्हतेच. माझं नसलेलं मी तुम्हाला दिलं, ही माझी चूक. त्याबद्दल तुमची माफी मागतो, आणि यांचीही. दहा जणांनी सुलोचनाला पसंती दिली आहे. मंडळाचा शब्द तो."

अतुलशेठच्या हातातलं पान अर्धवट दुमडलेलं राहिलं. "बायकोसाठी फिरलास तू."

"बायकोच्या विरोधात बोट आहे माझं. तुमच्या डोळ्यांदेखत."

निशांतरावांनी गळ्यातलं उपरणं सारखं केलं. एका बाजूला यजमानांचं जेवण, दुसऱ्या बाजूला चाळीस घरं, आणि वर बौद्धवाडी नि मोहल्ला. राजकारणी माणूस, हिशेब पटकन झाला. "अहो, हे तर... नवरा विरोधात आणि बाकी सगळे बाजूनं! असा उमेदवार शोधून मिळायचा नाही. मी आत्ताच वर कळवतो." मग अतुलशेठकडे न बघता त्यांनी नमस्कार केला आणि फोन बंद झाला.

ताबिशनं चपला घातल्या. जाताजाता वळून म्हणाला, "माझ्यासाठी बांगडा ठेवा. नमाज पढून येतोच." मंडळाच्या पंगतीला तो पहिल्यांदाच बसणार होता, पण बोलला असा, जणू अठरा वर्षं जेवतोय.

भिकाजी मात्र तानाजीसमोर येऊन उभा राहिला. "दादा, एक विचारू? शब्द मोडला असतात तर आम्ही काही बोललो नसतो."

"म्हणून तर मोडला नाही," तानाजी म्हणाला. "तुम्ही कधीच काही बोलत नव्हता. जा, भात बघ."

पंगत बसायच्या आधीच सुलोचनाचा फोन आला. तो घेऊन तानाजी गॅलरीत गेला. खाली गल्लीत शुक्रवारची सामसूम होती. दुकानांची शटरं ओढलेली होती, आणि लांबून अजानचा आवाज येत होता.

"निशांतरावांचा फोन आला होता," ती म्हणाली. "उमेदवारी मिळाली. दहा विरुद्ध एक म्हणाले."

"हं."

"एक कोण, ते मी विचारलं नाही."

"मी तो."

"ठाऊक आहे. दुसऱ्या कोणी शब्द दिला होता?" तिच्या आवाजात राग नव्हता. "विचारलंत ना सगळ्यांना?"

"एकेकाला विचारलं." त्यानं कठड्यावर हात ठेवला. "सुलोचना, टँकरच्या वेळी मी तुला वाट्टेल तसं बोललो. चुकलं माझं."

पलीकडून वासराच्या गळ्यातली घंटा ऐकू आली, म्हणजे ती गोठ्याजवळ उभी होती.

"ऐकू येतंय का?"

"येतंय. बोला."

"मतदान कधी आहे?"

"सात तारखेला. का?"

"मी येतोय."

"आत्ता तर गणपतीला येऊन गेलात. तुमचा मालक, तो अर्बाब, सोडेल?"

"सोडेल. नाही सोडलं तर बिनपगारी येईन." पुढचं तो अडखळतच बोलला. "अतुलशेठनं माझ्याकडे उमेदवारीपुरता शब्द मागितला होता. तो देऊन झाला. माझं मत काही त्यानं मागितलं नव्हतं. माझं मत अजून कोणीच कधी मागितलेलं नाही."

"मग मी मागते," सुलोचना म्हणाली.

तानाजीला हसू आलं. सवयीनं तो बोलून गेला, "दिला शब्द."

"शब्द नको," ती म्हणाली. "या आणि मत द्या."